रुंदीचा हट्ट आणि पोस्टकार्डाएवढी जमीन

गेल्या पावसाळ्यात मारेगावात वणी रोडवरच्या एका टायरच्या दुकानात बसलो होतो. बाहेर रिपरिप चालू होती. एक पोरगा स्विफ्ट घेऊन आला. "काका, गाडी डाव्या अंगाले ओढते, हवा पाहा जरा." काकांनी जॅक लावला, चाक उतरवलं, उभं करून हळूहळू फिरवलं. एका जागी त्यांचा अंगठा थांबला. साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा आला होता. टायर २०५/५० आर १६, चार महिन्यांचा, नक्षी अजून कोरी. आतली कड मात्र मडगार्डच्या कमानीला घासून गुळगुळीत झालेली. पोरगा म्हणाला, "नागपूरच्या दोस्तानं सांगितलं होतं, गाडी हलकी हाय, रुंद टायर टाक, मग रोडले चिकटून राह्यते."

मला त्या पोराचा राग आला नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच मलाही एके काळी सांगितलं गेलं होतं. राग येतो तो त्या सल्ल्याचा, कारण तो जाणकाराच्या सुरात दिला जातो आणि त्याची किंमत भलताच माणूस मोजतो. हा सल्ला तीन वाक्यांत फिरतो. पहिलं, हलकी गाडी जमिनीला दाबत नाही, म्हणून तिला शक्य तितका रुंद टायर लावावा. दुसरं, गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर सर्वांत मऊ रबराचा टायर घ्यावा. जो ट्रॅकवर चालतो तो रस्त्यावर चालणारच. तिसरं, हवा घट्ट ठेवावी, म्हणजे गाडी चपळ होते. रस्त्यावरही आणि ट्रॅकवरही चालणाऱ्या हलक्या गाडीसाठी ही तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. का, ते एकेक करून सांगतो.

आधी रुंदी. गाडी जमिनीवर किती जागेवर टेकते, याचा हिशोब कुणालाही करता येतो. माझी जुनी पेट्रोल स्विफ्ट माणसासकट साधारण एक हजार किलोची धरा. एका चाकावर सरासरी अडीचशे किलो आले. टायरमध्ये ३० पाउंड हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास २.१ किलोचा दाब. अडीचशेला २.१ ने भागा. उत्तर येतं साधारण १२० चौरस सेंटीमीटर. टपालखात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचं असतं, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटर. एक चाक जमिनीवर उभं असतं ते एवढ्या तुकड्यावर. साइडवॉलच्या ताठरपणामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण हिशोबाचा गाभा बदलत नाही.

आता त्याच गाडीला १६५ ऐवजी २०५ चा टायर लावा आणि हवा तीच ठेवा. वजन तेच, दाब तोच, म्हणून जागाही जवळपास तेवढीच. बदलतो तो तिचा आकार. पोस्टकार्ड आडवं होतं. आधी ते गाडीच्या दिशेनं लांब होतं, आता रुंदीनं लांब आणि पुढेमागे आखूड झालं. आडव्या आकाराचा फायदा आहेच, तो मी नाकारत नाही. कोरड्या वळणावर तो टायर लवकर प्रतिसाद देतो आणि दीर्घकाळ रेटलं तर कमी तापतो. दीड टनाच्या, दोनशे-अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीला रुंदी लागतेच, नाहीतर रबर दोन फेऱ्यांत करपून जाईल. पण 'रुंद टायर म्हणजे जास्त रबर जमिनीवर' हे जे सरसकट सांगितलं जातं, ते समान हवेवर खरं नाही. हलक्या गाडीला टायर करपण्याची अडचण नसतेच. तिची अडचण नेमकी उलटी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

ज्यांनी हलक्या स्पोर्ट्स कार घडवण्यात आयुष्य घातलं, त्यांनी काय केलं ते पाहा. १९९६ ची लोटस एलिस साधारण ७२५ किलोची होती आणि तिच्या पुढच्या चाकांना १८५ चे टायर होते, मागे २०५ चे. १९८९ साली माझदाची एमएक्स-५ आली, तिलाही १८५/६० आर १४. केटरहॅमने ६६० सीसीचं सुझुकी इंजिन घालून पाचशे किलोच्या आतली गाडी काढली, तिला चक्क १५५ चे टायर दिले. २०१२ ची टोयोटा ८६ तर पूर्ण स्पोर्ट्स कार. तिच्यावर २१५/४५ आर १७ चे जे मिशेलिन टायर आले, ते प्रियस या हायब्रीड गाडीवरही मिळत होते. त्या गाडीचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांची भूमिका होती की पकड एवढीच असावी, की साध्या वेगातही चालवणाऱ्याला गाडीचा तोल हाताला कळावा. या लोकांना रुंद टायर परवडत नव्हते असं नाही. हलक्या गाडीला काय मानवतं हे त्यांना माहीत होतं.

आपल्या बाजूला हलकी स्पोर्ट्स कार घडली ती गोव्यात. सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या अंगाची, रेनोच्या इंजिनाची दोन आसनी 'स्टॉर्म' काढली. ती फार रस्त्यांवर दिसली नाही. म्हणून आज आपल्याकडे 'हलकी स्पोर्ट्स कार' म्हणजे बहुधा सस्पेन्शन कसलेली स्विफ्ट किंवा पोलो. तेव्हा या वादाचा संबंध परदेशी मोटारींशी जेवढा, तेवढाच वणी, मारेगाव, पांढरकवड्याच्या पोरांशीही आहे.

आता आमचा रस्ता बघा. एका बाजूला वणीच्या कोळसा खाणी, त्यांचे ट्रक. दुसऱ्या बाजूला काळी कपाशीची जमीन. उन्हाळ्यात डांबरावर कोळशाची भुकटी बसते. मृगाचा पहिला पाऊस आला की त्या भुकटीचा आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेल्या मातीचा मिळून साबणासारखा थर होतो. पहिल्या पावसाच्या त्या अर्ध्या तासात अंगावर शहारे येतील असे प्रसंग इथल्या प्रत्येक गाडीवाल्यानं पाहिले आहेत. पुढे सरी लागल्या की जड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचतं.

या पाण्यात रुंदीचा हट्ट उघडा पडतो. ८० च्या वेगाने, तीन मिलिमीटर पाण्यातून जाताना टायरवर लिहिलेली रुंदीच धरली, तर १६५ च्या टायरला दर सेकंदाला साधारण ११ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. २०५ ला १३ लिटरांहून जास्त. म्हणजे चोवीस टक्के जादा काम, तेही आखूड झालेल्या पोस्टकार्डाच्या लांबीत, म्हणजे कमी वेळात. ज्याला वेळ पुरला नाही तो टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि गाडी तुमची राहत नाही.

१९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून या तरंगण्याचा एक ढोबळ नियम काढला. नक्षीला निपटणार नाही एवढं पाणी असेल, तर टायर कोणत्या वेगाला उचलला जाईल हे मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. त्या सूत्राने ३० पाउंडाला साधारण ९१ किलोमीटरचा वेग येतो, २० पाउंडाला ७५ चा. पुढच्या अभ्यासांतून हेही दिसलं की टेकलेला भाग जितका आडवा, तितका टायर लवकर तरंगतो. ट्रॅकवर कमी केलेली हवा परतताना तशीच ठेवणाऱ्यांनी आणि वर रुंद टायर लावणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात.

शिवाय खड्डे आहेतच. १६५/८० आर १४ च्या टायरची साइडवॉल १३२ मिलिमीटर उंच असते. २०५/५० आर १६ ची १०२. बाहेरचा घेर जवळपास सारखाच, पण रिम आणि खड्डा यांच्या मधलं रबर तीस मिलिमीटरने कमी झालं. त्या पोराच्या टायरवरचा फुगा या तीस मिलिमीटरांचाच. आतले दोरे तुटले की हवा तिथे बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही. त्यावर हायवेला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता मऊ रबर. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो: मऊ रबर जास्त चिकटतं, शर्यतीत तेच वापरतात. खरं आहे. फक्त त्यातलं एक वाक्य गाळलं जातं. शर्यतीचं रबर तापल्यावर चिकटतं. ट्रॅकच्या टायरचं रबर साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपास आपलं काम दाखवण्यासाठी घडवलेलं असतं. ती उष्णता येते टायर वारंवार दाबला, पिळला, घसटला जाण्यातून, आणि हलकी गाडी टायरला पुरेसं पिळतच नाही.

हे मी कॉलेजात शिकलो. आम्ही काही मुलं स्पर्धेसाठी एकाच माणसाची छोटी फॉर्म्युला गाडी बांधत होतो. महाराष्ट्रातल्या बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत असे संघ आहेत, आणि फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होत आली आहे. अशी गाडी अडीचशे किलोंच्या आसपास भरते. आमच्या संघात सर्वांत लांबलेला वाद इंजिनाचा नव्हता, टायर तापवायचा कसा याचा होता. म्हणूनच या गाड्यांसाठी वेगळे, फारच मऊ टायर बनतात. मोठ्या गाडीचे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले टायर, लावले तर ते शेवटपर्यंत थंडच राहतात.

पुढे माझी स्विफ्ट घेऊन मी त्याच ट्रॅकवर गेलो. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, मोटारशर्यतीतल्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा. उसने घेतलेले, जवळजवळ गुळगुळीत चेहऱ्याचे ट्रॅक टायर लावले होते. सकाळच्या गारव्यात पाच फेऱ्या जमेल तेवढ्या जोरात मारल्या, पिटमध्ये येऊन उतरलो आणि पुढच्या टायरवर तळहात ठेवला. कोमट होता. हात सहज ठेवता येत होता. शेजारी एक जड सेडान उभी होती. तिच्या टायरला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. त्या दिवशी कळलं की जे रबर मी विकत घेण्याच्या बेतात होतो, त्याचा गुण माझ्या गाडीला मिळणारच नव्हता. दुपारी माझे रोजचे टायर परत चढवले. गाडी आधी घसरायची, पण हळूहळू, सांगून, आवाज देऊन. त्या कण्हण्यातून मी वळण शिकलो. कोमट मऊ टायर गप्प राहतो आणि मग अचानक सोडतो.

याहून मोठा मुद्दा हिशोबाचा आहे. मारेगावच्या माणसाचा ट्रॅक कुठे आहे? करंजीला जाऊन राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागायचं. उजवीकडे वळलात तर नागपूर, झाशी, आग्र्याच्या बाजूने ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. डावीकडे हैदराबाद, बंगळूर, सेलम करत कोइम्बतूर. कुठेही जा, हजार किलोमीटरांच्या पुढचाच प्रवास. गाडी ट्रेलरवर नेणारे आपल्यात किती? बहुतेक जण तीच गाडी, तेच टायर घेऊन जातात आणि परत येतात. म्हणजे ट्रॅकवर शंभरेक किलोमीटर आणि रस्त्यावर दोन हजारांहून जास्त. ज्या टायरने दोन हजार किलोमीटर तुम्हाला सांभाळायचं, तो शंभर किलोमीटरांच्या हौसेवर निवडायचा? ट्रॅकवर चुकलात तर वाळूत जाल. कामारेड्डीच्या पुढे रात्री पावसात चुकलात तर समोर कोण असेल सांगता येत नाही.

यावर एक रास्त उत्तर मिळू शकतं. ट्रॅकसाठी टायरचा वेगळा सेट ठेवावा आणि तिथे जाऊन बदलावा. यात मला काहीच खटकत नाही. वर्षात चार-सहा वेळा जाणाऱ्यानं तसंच करावं. पण तोही सेट गाडीच्या वजनाला बेतलेला असावा, आणि नवशिक्यानं पहिलं वर्ष रस्त्याच्या टायरवरच काढावं. कमी पकडीत हात घडतो.

तिसरं वाक्य हवेचं. घट्ट हवेचा टायर स्टिअरिंगला चटकन उत्तर देतो, म्हणून गाडी चपळ वाटते. पण वरचाच हिशोब पुन्हा मांडा. ३० च्या जागी ४० पाउंड भरले तर पोस्टकार्ड १२० वरून ९० चौरस सेंटीमीटरवर येतं. म्हणजे पैसे मोजून रुंद टायर घेतला आणि हवा भरून त्याची पकड स्वतःच कमी केली. शिवाय हवा तापते. टायर दहा अंश तापला की ३० पाउंडाच्या हवेत साधारण दीड पाउंड वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये भरलेले ३० पाउंड मे महिन्याच्या दुपारी, वरून ऊन आणि खालून डांबराची धग अशात, तीस अंशांच्या वाढीला साडेचौतीसच्या आसपास जातात. म्हणून हवा नेहमी थंड टायरवर, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. ट्रॅकवर तापल्यावर वाढलेली काढावी आणि निघण्याआधी, टायर निवल्यावर, पुन्हा भरावी. परतीच्या वाटेवर हे शेवटचं कुणी करत नाही, आणि नासाच्या त्या सूत्रातला कमी हवेचा धोका इथेच खरा होतो. नायट्रोजनने यातून सुटका होते असं सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि तापल्यावर तोही तसाच फुगतो.

चौथी एक चूक सल्ला म्हणून नव्हे, सवय म्हणून चालते. दोनच टायर बदलायचे असले की दुकानात नवे पुढे टाकतात, कारण इंजिनाची ताकद आणि स्टिअरिंग पुढे. उलट करायला हवं. चांगली जोडी मागे हवी. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायला नकार देते. तुम्ही पाय उचलता आणि ती सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ओल्या रस्त्यावर ते सावरणं पट्टीच्या चालकालाही जमेलच असं नाही. मागचा भार कमी असलेल्या हलक्या हॅचबॅकमध्ये तर हे दुप्पट खरं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या नक्षीच्या जोड्या पुढेमागे मिसळणंही टाळावं.

मला माहीत आहे, दुसऱ्या टोकाला एक मोठा वर्ग आहे. त्याला हा सगळा वादच फाजील वाटतो. "टायर म्हणजे टायर. गोल हाय, काळा हाय, हवा धरते. रिमोल्ड मारा अन् चालवा." रुंदीच्या हट्टाइतकाच हाही हट्ट घातक आहे. ट्रकचा टायर चांगल्या ठिकाणी रिट्रेड करणं हा मान्य व्यवहार आहे. पण लहान गाडीचा गोटा झालेला टायर कुठूनही चढवून घेऊन शंभर-सव्वाशेच्या वेगाने नेणं वेगळं. कायद्याने गाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे रबराचे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. ते नक्षीच्या बरोबरीला आले की टायर संपला. पावसाळ्यासाठी तर त्याच्याही आधी बदलावा.

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि काही महिन्यांतच 'सिमेंटचा रस्ता टायर फोडतो' ही समजूत घरोघर पोचली. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हाही आधी ऐकू आलं ते 'टायर फुटला'. परिवहन खात्याच्या अमरावतीच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. हा दाखला देताना माझा हात जड होतो. गेलेल्यांत आपल्याच भागातली माणसं होती. पण म्हणूनच तो द्यायला हवा. आपण टायरला दैव मानतो. फुटला तर फुटला, आपल्या हातात काय होतं? पुष्कळ हातात असतं. टायर निवडला जातो, भरला जातो, तपासला जातो, वेळेवर उतरवला जातो. यातलं एकही काम दैव करत नाही.

मग घ्यावं काय? माझ्या गाडीचं उदाहरण देतो. मूळ १६५/८० आर १४ च्या जागी मी १८५/६५ आर १५ घेतला. बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरवरून ६२१ वर, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, कमानीला काही घासत नाही. साइडवॉल १२० मिलिमीटर, म्हणजे खड्ड्याला तोंड देण्याएवढं रबर शिल्लक. रिम हलकी निवडली, कारण स्प्रिंगच्या खाली वाचवलेला प्रत्येक किलो चाकाला जमिनीवर राहायला मदत करतो. रबर चांगल्या कंपनीचं, रस्त्याचं, ओल्या पकडीसाठी नावाजलेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरच्या ओल्या पकडीचं, रोलिंग रेझिस्टन्सचं आणि आवाजाचं मानक लागू करण्याची अधिसूचना काढली. दुकानात त्याबद्दल विचारा. आयएसआयचा शिक्का पाहा. वेगाचं अक्षर पाहा, ट्रॅकवर जाणाऱ्याला एच म्हणजे २१० ची मर्यादा पुरते. साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन वर्षं गोदामात पडून कडक झालेला टायर नवा म्हणून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

त्या दिवशी दुकानात काकांनी फुगलेला टायर बाजूला ठेवला आणि पोराला विचारलं, "आता काय टाकू?" तो माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला रुंदीचं काही सांगितलं नाही. दुकानाच्या ओल्या फरशीवर माझ्या चाकाचा ठसा उमटला होता. तो दाखवला आणि त्यावर तळहात ठेवायला सांगितला. त्यानं ठेवला. ठसा हाताखाली जवळजवळ झाकला गेला. "एवढाच?" तो म्हणाला. एवढाच. असे चार. त्यांच्यावर तू, तुझी आई, तुझा भाऊ वणीहून घरी येणार. मग त्यानं काकांना विचारलं, "पावसात चांगला चालते असा कोणता हाय?" टायर घेताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.